नदीवर जेवायला

आमच्या घरात ‘सहल’ हा शब्द शाळेपुरता होता. शाळेची सहल पाटणादेवीला जात असे, पद्मालयाच्या गणपतीला जात असे, एखाद्या वर्षी उनपदेवच्या गरम झऱ्यापर्यंत जात असे आणि तिच्यासाठी वर्गणी भरावी लागत असे. घरातली माणसे मात्र एकत्र बाहेर पडत ती ‘नदीवर जेवायला’. अमळनेरातल्या आमच्या गल्लीपासून बोरी नदी पायी जेमतेम पंधरा मिनिटांवर होती; तरीही त्या दिवसाची तयारी अशी चाले, की आम्ही निदान पंढरपूरला तरी निघालो आहोत असे कोणालाही वाटावे. आदल्या रात्री कंदील पुसून ठेवला जाई, सतरंजीची घडी दाराशी येऊन पडे, आणि पहाटे आजी, जिला आम्ही सगळी नातवंडे ‘माय’ म्हणत असू, पितळी डबा, कळशी, दोन तवे, विळी आणि एक भलेमोठे फडके असा संसार ओट्यावर मांडून बसे. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या बाई दरवर्षी न चुकता विचारीत, “कथा चालनात माय, गावले?” आणि माय दरवर्षी तितक्याच गंभीरपणे सांगे, “नदीवर.” त्यावर समोरच्या बाई मान डोलावीत, जणू नदी म्हणजे दोन मुक्कामांच्या पलीकडचे एखादे ठिकाण असावे.

या सहलीचा दिवसही ठरलेला असे. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, खंडोबाचे नवरात्र उठते, आणि चातुर्मासात वांगे, कांदा व लसूण सोडलेली घरे त्या दिवशी देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून पुन्हा त्या वस्तूंना हात लावतात. माय हे व्रत कडकपणे पाळीत असे. स्वतः पाळीत असे हे ठीक. पण स्वयंपाकघर तिचे असल्यामुळे चार महिने सगळे घरच वांग्यावाचून राहत असे, आणि ज्यांना खान्देशातल्या त्या मोठ्या, पोपटी-पांढरट, कमी बियांच्या भरताच्या वांग्याची चव ठाऊक आहे, त्यांना हा उपास किती मोठा होता हे निराळे सांगायला नको. षष्ठीचा नैवेद्य घरात होई. त्यानंतर येणारी गिरणीची पहिली सुट्टी ही नदीवरच्या भरताची.

गिरणी म्हणजे प्रताप मिल. आजोबा, म्हणजे आमचे बाबा, तिथे साच्यावर, कापडाच्या मागावर, होते. एकाच छपराखाली शेकडो साचे खडखडत असताना माणसाने आयुष्याची तीस-बत्तीस वर्षे काढली की त्याच्या कानांचे जे व्हायचे ते त्यांचे झालेले होते; घरात ते बोलत ते ओरडून, आणि आम्ही त्यांच्याशी बोलत असू तेही ओरडून. पाळीचा भोंगा वाजला की गल्लीतली सगळी घड्याळे त्याच्याशी जुळवली जात, पण स्वतः बाबांना तो भोंगा उतारवयात ऐकू येतो की केवळ पायांना कळतो, याविषयी आमच्यात मतभेद होते. ज्या शेठजींनी ती गिरणी उभी केली त्यांच्याच देणगीतून १९१६ साली गावात तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले आणि देशभरातले पंडित वेदान्ताच्या अभ्यासासाठी अमळनेरला येऊन राहू लागले. बाबांना या गोष्टीचे आयुष्यभर नवल वाटत आले. ‘तिथे माणसे नुसता विचार करीत बसतात आणि त्याचे त्यांना पैसे मिळतात,’ असे ते सांगत, आणि त्यात उपहास नसे. आपल्या साच्यावर विणलेल्या कापडाचे पैसे कुठपर्यंत पोहोचले याचा थोडासा अभिमानच असे.

नदीकडे जाण्याचा सरळ रस्ता सोडून आमचे वडील, नाना, नेहमी थोडा वळसा घालून नेत. ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि सुट्टीच्या दिवशीही त्यांना शिकवल्यावाचून राहवत नसे. साने गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात जिथे मुलांना शिकवले ती शाळा लागली, की नाना थांबत आणि गुरुजी छात्रालयातल्या मुलांसाठी रोज हाताने लिहून एक दैनिक कसे काढीत, हे सांगत. दरवर्षी तीच जागा, तेच वाक्य. आई डोक्यावरचा डबा एका हाताने सावरीत पुढे निघून जाई. माय म्हणे, की गुरुजी मोठे होते हे खरे, पण भाकऱ्या गार होताहेत. मला आता वाटते, की गुरुजींनाही मायचेच म्हणणे पटले असते.

वारा एका विशिष्ट बाजूने असला, की वाटेत वनस्पती तुपाच्या कारखान्याचा गोडसर, जड वास येत असे. आज ज्या विप्रोचे नाव संगणकाच्या संदर्भात जगभर घेतले जाते, ती १९४५ साली अमळनेरात वनस्पती तूप काढणारी कंपनी म्हणून सुरू झाली, हे आता सगळ्यांना माहीत आहे; पण आमच्या लहानपणी तो केवळ ‘तुपाचा कारखाना’ होता. त्या काळी ज्यांनी तिचे थोडेसे शेअर घेतले आणि कपाटात ठेवून दिले ती घरे पुढे श्रीमंत झाली. ज्यांनी घेतले नाहीत त्या घरांना एकेक गोष्ट मिळाली. आमच्या घरातली गोष्ट अशी, की बाबांना कोणीतरी शेअर घ्या म्हणून सांगितले होते आणि त्यांनी त्याच पैशांतून शेळी घेतली. शेळी चांगली दूध देत होती, एवढे मात्र माय शेवटपर्यंत ठासून सांगत असे. कारखान्याशी आमचा खरा संबंध आला तो वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यापुरता, आणि त्या डब्याविषयी मला पुढे बोलायचे आहे.

गावाचा जुना दगडी दरवाजा, मग उतार, मग घाट, आणि मग नदी.

इथे मला थोडे थांबावे लागेल, कारण नदी म्हटले की वाचणाऱ्याच्या मनात पाणी येते. बालपणीच्या नदीविषयी लिहिणारी माणसे डोहांविषयी लिहितात, सूर मारण्याविषयी लिहितात, चांदण्यात चमकणाऱ्या लाटांविषयी लिहितात. आणि हे सारे वाचून मला कितीतरी वर्षे वाटत असे, की आपली नदी कमी प्रतीची होती. बोरी ही तापीची लहानशी उपनदी. पावसाळ्यात एखाद-दुसरा पूर येई, तेव्हा सगळे गाव घाटावर उभे राहून ते गढूळ, फेसाळ पाणी पाही, वाहून आलेली ओंडकी मोजी, आणि दोन दिवसांनी सगळे संपून जाई. दिवाळी होऊन गेली की पात्राच्या एका कडेने पिंडरीएवढ्या पाण्याचा एक ओहोळ वाहत राही आणि उरलेली सगळी नदी म्हणजे वाळू असे. या काठापासून त्या काठापर्यंत पसरलेली, सकाळी गार, दुपारी कोमट, पायाच्या बोटांमधून सरकणारी, जाडसर, तांबूस-पिवळी वाळू. आमची नदी वाळूची होती. हे मान्य करायला मला पन्नाशी उलटावी लागली.

आणि त्या वाळूवर गावाचे काय काय चालत असे! दसऱ्याच्या आधी घरोघरच्या गोधड्या धुवायला नदीवर येत, आणि दुपारपर्यंत सगळे पात्र रंगीबेरंगी चौकोनांनी भरून जाई. परीट आपल्या गाढवांना मोकळे सोडून देत. उन्हाळ्याच्या तोंडाशी भोई मंडळी वाळूत खरबूज-टरबुजांच्या वाड्या लावीत आणि रात्री तिथेच झोपडी घालून राखणीला बसत. संत सखाराम महाराजांची समाधी नदीच्या पात्रातच आहे. वैशाख शुद्ध एकादशीला महाराजांचा रथ निघतो आणि पौर्णिमेला पालखी. त्या यात्रेत पाळणे, रेवडी-बत्ताशांची दुकाने, भांड्यांची दुकाने, सगळे याच वाळूत मांडले जाई. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी यात्रेपर्यंत राहू पाहत, त्यांना न्यायला आलेले जावईही मग अडकत, आणि पंधरा दिवस गावात कोणाच्याच घरी नेमकी किती माणसे जेवायला आहेत हे सांगता येत नसे. इतके सगळे पाण्यावर मांडता आले असते काय? ज्याला पुढे मोठे झाल्यावर मैदान, बाजार, अंगण, वाळवण घालण्याची गच्ची अशी निरनिराळी नावे मिळाली, ते सगळे आमच्याकडे एकाच ठिकाणी होते आणि त्याला आम्ही नदी म्हणत होतो.

आमची जागा समाधीच्या थोडी वरच्या अंगाला होती. सतरंजी पसरली जाई, बाबा लगेच आडवे होत, आणि माय झिरा, म्हणजे वाळूत खणून केलेला पिण्याच्या पाण्याचा खड्डा, काढायला निघे. झिरा काढणे हे आमच्या सहलीतले सर्वांत महत्त्वाचे काम होते आणि ते मायशिवाय कोणीही करू नये असा संकेत होता. वाहत्या पाण्याला लागून झिरा काढायचा नाही, कारण तिथे गुरे उतरतात. ओहोळापासून चार-पाच पावलांवर, जिथे वाळू जाडी आहे आणि सकाळच्या उन्हातही जरा काळसर दिसते, तिथे बसायचे. आधी वरचा कोरडा थर बाजूला सारायचा. मग दोन्ही हातांची ओंजळ करून खणायचे. मनगटापर्यंत गेले की वाळू गार लागे. कोपरापर्यंत गेले की हाताला ओल लागे आणि मग एकाएकी, कुठून आले ते न कळता, तळाशी पाणी दिसू लागे. त्याच क्षणी कडेची वाळू ढासळू लागे. वनस्पती तुपाच्या डब्याचे काम इथे असे. बाबांनी गिरणीतल्या लोहाराकडून त्या डब्याचे दोन्ही तळ कापून घेतले होते. तो पत्र्याचा नळकांडा खड्ड्यात दाबून बसवला, की लहानशी विहीर तयार होई. पहिले पाणी गढूळ असे. ते वाटीने उपसून टाकायचे, दुसऱ्यांदा आलेले पाणीही उपसायचे, आणि तिसऱ्यांदा पाणी आले की हात आवरायचे.

ते हात आवरणे हीच आम्हा मुलांची परीक्षा होती. आम्ही डब्याभोवती गुडघ्यांवर बसून आत डोकावत असू. तहान लागलेली असे. तशी ती नसली तरी त्या वेळी लागेच. कोणीतरी वाटी पुढे केली, की माय त्याच्या मनगटावर हलकेच चापटी मारून म्हणे, “दम धर. निवयू दे.” पाणी निवळताना मी जितके बारकाईने पाहिले आहे तितके मी नंतर फारसे काही पाहिलेले नाही. गढूळपणा वरून खाली जात नाही. तो आधी मधोमध विरळ होतो, मग कडेने उतरतो, आणि सगळ्यांत शेवटी तळाशी एका ठिकाणी वाळूचे चार-सहा कण नाचताना दिसू लागतात. तिथून पाणी येत असते. ते कण दिसले, की माय वाटी बुडवीत असे. फडक्यातून गाळलेल्या त्या पाण्याला मातीचा अगदी पुसट वास आणि विहिरीच्या पाण्याला नसतो असा एक गुळमटपणा असे. बाबा उठून बसत, दोन वाट्या पाणी पीत आणि पुन्हा आडवे होत.

यानंतर भरीत. पऱ्हाट्यांचा जाळ करून त्यात वांगी टाकली जात. कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ भडकतो लवकर आणि बसतोही लवकर. वांग्याचे साल करपते पण आतला गर जळत नाही, म्हणून भरताला तोच जाळ हवा, असे आई सांगत असे. हिरव्या मिरच्या आणि लसूण लाकडी बडगीत ठेचून, त्यात सोललेली वांगी घालून मुसळाने घोटायचे, वर कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कोथिंबीर आणि कडकडीत तेलाची फोडणी. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत सालासकटचे काळे उडीद घालून दळलेल्या पिठाची, जी घरूनच करून आणलेली असे. दोन तवे कशाला नेले जात हे मला आजवर कळलेले नाही. भाकऱ्या तिथे भाजल्याचे मला एकदाही आठवत नाही. आईला विचारले तर ती म्हणते, असू द्यावेत.

जेवणात वाळूचा एखादा कण दाताखाली येई. त्याची कोणी तक्रार करीत नसे.

त्या दिवसाविषयी मला सर्वांत स्पष्टपणे आठवते ते मात्र जेवण नव्हे, बाबांचा आवाज. घरात ओरडून बोलणारा हा माणूस नदीवर हळू बोलत असे. पत्र्याच्या छपराखाली सगळा आवाज परत अंगावर येतो आणि उघड्या वाळूवर तो परत येत नाही, एवढे भौतिकशास्त्र मला पुढे कळले; पण ज्याचे कान अधू झालेले होते त्याला त्या फरकाची जाणीव कशी होत असे, हे मला अजूनही उलगडलेले नाही. जेवणानंतर ते मायशी काहीतरी बोलत. ते काय बोलत हे आम्हाला ऐकू येत नसे, आणि एरवी गल्लीच्या टोकापर्यंत ज्याचे बोलणे ऐकू जाई त्याचे बोलणे चार हातांवरून ऐकू येऊ नये, याचे आम्हाला फार आश्चर्य वाटे. माय अधूनमधून हसत असे. घरात तिला तसे हसताना मी पाहिलेले नाही.

ऊन कलले की आवराआवर होई. नळकांडा उपसून धुऊन घेतला जाई आणि माय झिरा बुजवीत असे. उघडा झिरा मागे ठेवायचा नाही, संध्याकाळी परतणाऱ्या गुराचा पाय त्यात जातो. बुजवून वर पायाने दाबायचे, वाळू सारखी करायची, आणि मग निघायचे. पंधरा मिनिटांत आम्ही घरी असू. तरी त्या रात्री सगळे घर लांबच्या प्रवासातून आल्यासारखे लवकर झोपी जाई.

बाबा गेले, माय गेली, गिरणी बंद पडली, नाना निवृत्त झाले आणि पुढे तेही गेले. आम्ही भावंडे नाशिक, पुणे, सुरत अशी पांगलो. या सगळ्याविषयी लिहिण्यासारखे इथे काही नाही. खान्देशातल्या निम्म्या घरांचे असेच झाले आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये, चंपाषष्ठीच्या दुसऱ्या दिवशी रविवार येत होता, तेव्हा धाकट्या बहिणीने फोनवर प्रस्ताव मांडला की सगळ्यांनी एकदा नदीवर जेवायला जावे. आई एकोणऐंशीची. धरणगावची थोरली आत्या चौऱ्याऐंशीची. चुलतभाऊ, त्यांच्या बायका, आमची मुले, सगळी मिळून सतरा माणसे आणि तीन गाड्या. आम्हा शहरातल्यांचे म्हणणे असे होते, की जेवण एखाद्या खानावळीतून बांधून घ्यावे. हल्ली भरीत कुठेही चांगले मिळते, जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. आत्याने या मानांकनाची बातमी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, पऱ्हाट्या कोण आणणार आहे? त्यावर वाद संपला. एका चुलतभावाने शेतातून दोन मोळ्या आणल्या.

त्याच वर्षी फेब्रुवारीत सत्त्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरला भरले होते. गावात यापूर्वीचे संमेलन १९५२ साली झाले होते आणि तेव्हा आत्या बारा वर्षांची होती. मी मोठ्या अपेक्षेने तिला त्याविषयी विचारले. तिला साहित्यिक कोणीही आठवत नाहीत. संमेलन बघायला गेलेले बाबा रात्री उशिरा घरी आले आणि मायने त्यांना गार भाकरी वाढली, एवढे आठवते. माझ्या मते संमेलनाच्या इतिहासात हेही कुठेतरी नोंदले जायला हरकत नाही.

नदीपाशी आम्ही पाच मिनिटांत पोहोचलो, कारण गाड्या होत्या. समाधीचे दर्शन घेतले, आणि मग घाटावर उभे राहून सगळेच काही क्षण गप्प झालो. माझी मुलगी, जिने हे सारे माझ्या तोंडून अनेकदा ऐकलेले आहे, म्हणाली, “बाबा, पाणी फार नाहीये ना आता.” मी तिला सांगू लागलो, की पाणी तेव्हाही नव्हते. वरच्या अंगाला पारोळा तालुक्यात तामसवाडीला धरण झाले, त्यामुळे ओहोळही राहिला नाही हे खरे. पण डोळ्यांना जे खुपत होते ते पाणी नसणे नव्हते. वाळू नव्हती. जिथे सतरंजी पसरत असू तिथे माती होती, मुरूम होता, उघडे पडलेले काळे खडक होते, खळग्यांत साचलेले हिरवे सांडपाणी होते, आणि ज्या काटेरी बाभळीला आमच्याकडे वेडी बाभूळ म्हणतात तिची दाट झुडपे पात्राच्या मधोमध वाढलेली होती.  

नदी कोणी नेली, यावर चुलतभावांमध्ये चर्चा सुरू झाली आणि रात्री येणारे ट्रॅक्टर, डंपर, लिलाव अशा सर्वपरिचित वळणांवरून ती पुढे गेली. ती चर्चा खोटी नव्हती. जळगाव जिल्ह्यात गिरणेच्या काठी असो की तापीच्या, हीच चर्चा ऐकू येते. वाळू ही नदीची साठवणीची जागा असते, तिच्या कणांमधल्या पोकळीत पाणी उन्हापासून सुरक्षित राहून वाहत असते, आणि ती उपसली की काठावरच्या विहिरीही खाली जातात, हेही एकाने नीट समजावून सांगितले. मी मात्र त्या चर्चेत फारसे बोललो नाही. नानांनी १९८६ साली गावाबाहेरच्या नव्या वस्तीत घर बांधले तेव्हा वाळूचा हिशेब मीच वहीत लिहीत होतो. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. बैलगाड्या येत, रिकाम्या होत, मी रेघा ओढी. ती वाळू बोरीचीच होती. नानांनी ओंजळीत घेऊन, चोळून, माती नाही याची खात्री करून ती घेतली होती, आणि संध्याकाळी आम्ही भावंडे त्याच ढिगावर खेळलो होतो. घरासमोर वाळूचा ढीग आला म्हणून तेव्हा किती आनंद झाला होता! पुढे नाशिकला मी स्वतः सदनिका घेतली, तेव्हा तिच्या भिंतींतली वाळू कोणत्या नदीची आहे हे विचारण्याचे माझ्या मनातही आले नाही.

काठालगत, घाटाच्या खालच्या बाजूला, एका वळणाआड वाळूचा एक पट्टा शिल्लक होता. रुंदी आठ-दहा पावले असेल. तिथे सतरंज्या पसरल्या गेल्या, पऱ्हाट्या पेटल्या, आणि भरीत जसे व्हायला हवे तसे झाले. निदान आईने नाव ठेवले नाही, आणि आईच्या बाबतीत याहून मोठी पावती मिळत नाही. बडगी मिळाली नव्हती म्हणून परातीत वाटीने घोटावे लागले. दोन तवे आणलेले होते. मी काही विचारले नाही.

जेवणाच्या आधीच आत्या उठून त्या पट्ट्यावर हिंडू लागली होती. तिचा एक गुडघा बदललेला आहे; तिला खाली बसू नये असे डॉक्टरांनी सांगितलेले आहे, आणि ती खाली बसली. वरची वाळू तिने हाताने बाजूला सारली. मग माझ्या मुलीला आणि चुलतभावाच्या मुलाला जवळ बोलावून तिने त्यांना खणायला लावले. मोबाइलवर चित्रण करायला निघालेल्या भाच्याला तिने बजावले, की ते ठेव आणि वाळू ढासळते आहे ती धर. नळकांड्याचा डबा कोणाकडे असणार? रंगाच्या प्लॅस्टिकच्या बादलीचा तळ कापून कामचलाऊ कडे तयार केले. मुलीचा हात मनगटापर्यंत गेला, तिथे वाळू गार लागली. कोपरापर्यंत जाण्याच्या आतच वाळू संपली आणि बोटांना पिवळी, चिकट माती लागली. ती माझ्याकडे पाहू लागली. आत्याने बादलीत हात घालून तळ चाचपला, बोटे बाहेर काढून एकमेकांवर घासली आणि म्हणाली, “ओल शे. दम धरा.”

आम्ही जेवायला बसलो. मुले दर पाच मिनिटांनी उठून पाहून येत होती. आधी काही नव्हते. मग तळ काळसर झाला, असे भाच्याने येऊन सांगितले. जेवणे आटोपता आटोपता खरोखरच तळाशी थोडे पाणी जमले, वाटीभरही नसेल, आणि ते मातीच्या रंगाचे होते. आत्याने ते वाटीच्या कडेने खरवडून काढले आणि वाळूवर ओतून दिले. पहिले पाणी टाकायचे असते. मग ती, आई आणि मुले असे सगळे त्या बादलीभोवती बसून राहिले. मीही जाऊन बसलो. पलीकडच्या काठाला टिटवी ओरडत होती, पुलावरून वाहने जात होती, आणि आम्ही एका प्लॅस्टिकच्या कड्यात डोकावून पाहत होतो. मुलीने हळूच विचारले, की निवळायला किती वेळ लागतो. आत्या म्हणाली, पाणी असेल तितका.

दुसऱ्यांदा पाणी आले नाही. ऊन कलू लागले तेव्हा गाड्यांच्या चाव्या खिशांतून निघाल्या, भांडी आवरली गेली, सतरंज्या झटकल्या गेल्या. तरुण मंडळी घाटाच्या पायऱ्यांपर्यंत पोहोचली होती तेव्हा आत्याने मागून हाक मारली. ती तिथेच उभी होती. तिने बादली उपसायला लावली आणि खड्ड्याकडे बोट दाखवून म्हणाली, “बुजी टाका. ढोरना पाय जाई.”

पात्रात नजर जाईल तिथपर्यंत एकही जनावर नव्हते. मुले परत आली, गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी वाळू खड्ड्यात लोटू लागली. भरून झाल्यावर आत्याने माझ्या खांद्याचा आधार घेतला, उजव्या पायातली चप्पल काढली, त्या जागेवर पाय ठेवून दोनदा दाबून पाहिले, आणि चप्पल कुठे गेली म्हणून विचारू लागली.